मर्यादित वहनक्षमता आणि थेट प्रक्षेपणातील चित्राची प्रत

व्याख्यानाचे इंटरनेटवरून थेट प्रक्षेपण करताना चित्र जितके मोठे तितके ते स्पष्ट, हा समज सर्वस्वी खरा नव्हे. अपलोडचा वेग सेकंदास ३ मेगाबिट असल्यास, त्यातील चढउतार ध्यानी घेऊन, चित्रासाठी २ मेगाबिटच योजणे इष्ट होय. सेकंदास ३० चौकटी धरल्या, तर १९२०×१०८० च्या चित्रात प्रत्येक बिंदूस सरासरी ०.०३ बिट लाभतो. १२८०×७२० मध्ये ०.०७. हा वाटा अपुरा पडला की संपीडनात बारकावे लोपतात व फळ्यावरील अक्षरे पुसट होतात. सबब लहान चित्रच अशा वेळी बहुधा अधिक वाचनीय ठरते. चौकटी १५ वर आणल्यास हा वाटा दुप्पट होतो. ध्वनीसाठी मात्र १२८ किलोबिट आधीच राखावेत. कारण चित्र क्षणभर थांबले तरी व्याख्यान समजते, शब्द तुटल्यास विचाराचा धागाच हरपतो.