बोटभर माशांवर उभं बेट

लक्षद्वीपच्या नकाशात मिनिकॉय शोधायचं तर नजर पार तळाला न्यावी लागते. बाकीची बेटं वरच्या अंगाला एकमेकांची सोबत धरून आहेत, हे मात्र दक्षिणेला एकटंच. उत्तरेला नाइन डिग्री चॅनल त्याला उरलेल्या लक्षद्वीपपासून तोडतो आणि दक्षिणेला एट डिग्री चॅनल मालदीवपासून. कोची इथून सुमारे 400 किलोमीटरवर. मालदीवचं सर्वांत उत्तरेकडचं बेट मात्र त्याच्या निम्म्याहूनही जवळ. त्यामुळे इतर बेटांवर मल्याळमच्या वळणाची बोली असली, तरी इथे कानावर पडते ती महल, म्हणजे मालदीवच्या दिवेहीची सख्खी बहीण. दुकानाच्या पाटीवर ती उजवीकडून डावीकडे लिहिलेली दिसते. लोक आपल्या बेटाला मलिकू म्हणतात.

बेट चंद्रकोरीसारखं, लांबीला दहा-अकरा किलोमीटर, रुंदीला एवढं चिंचोळं की माडांच्या बनातून चालताना दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो. पूर्वेचा खवळलेला, पश्चिमेचा शांत. पश्चिमेला प्रवाळाच्या भिंतीने अडवलेलं उथळ, हिरवट-निळं पाणी आहे, ज्याला आता आपणही लगूनच म्हणतो. जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या लक्षद्वीप भेटीची छायाचित्रं झळकली, मालदीववर बहिष्काराची लाट आली आणि अर्धा देश लक्षद्वीपची तिकिटं शोधू लागला, तो अशाच पाण्यासाठी. पर्यटकाला त्यात पोहायचं असतं. मलिकूच्या माणसाच्या लेखी मात्र ते आमिषाचं कोठार आहे, आणि या बेटाचं सगळं जगणं त्या कोठारातून सुरू होतं.

पहाट फुटायच्या आत बोटी लगूनमध्ये उभ्या राहतात. चौकोनी जाळं खाली सोडायचं, त्यावर माशाचा कुटलेला चुरा टाकायचा, बोटभर लांबीची चंदेरी पिल्लावळ गोळा झाली की चारी बाजूंनी जाळं अलगद उचलायचं. अलगद, कारण हे मासे जिवंतच हवेत. बोटीच्या पोटात त्यांच्यासाठी वेगळा कप्पा असतो. त्याच्या तळाच्या भोकांतून समुद्राचं पाणी खेळतं राहतं. ते पाणी थांबलं तर मासे मरतात आणि त्या दिवसाची मासेमारीही तिथेच संपते. पुरेसं आमिष मिळालं नाही, तर शहाणा तांडेल भिंतीबाहेर जातच नाही. एका म्हाताऱ्या नाविकाने हे मला मोडक्या हिंदीत समजावलं, तेव्हा त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. भात शिजवायला तांदूळ लागतात, तितक्याच साधेपणाने तो बोलत होता.

ओळखीपाळखीने एका बोटीवर जायला मिळालं. भिंतीबाहेर गेल्यावर आधी कुणी पाण्याकडे बघतच नाही, सगळे आभाळाकडे बघतात. समुद्रपक्ष्यांचा थवा एका जागी घिरट्या घालून झेपा घेऊ लागला, की खाली कुप्यांची झुंड आहे असं समजायचं. कुपा म्हणजे आपला गेदर, टूना. इथे मिळतो तो बहुतेक स्किपजॅक जातीचा. बोट थव्याकडे धावते. एकजण मुठीने जिवंत आमिष फेकायला लागतो, मागच्या फळीवर माणसं काठ्या घेऊन ओळीने उभी राहतात आणि पाण्यावर फवारा सुरू होतो. पूर्वी हे पाणी हाताने उडवत, आता यंत्र आहे. पृष्ठभागावर थेंब नाचले की वर लहान माशांचा थवा खळबळतोय असं कुप्याला वाटतं आणि फळीवरची माणसंही त्याला दिसेनाशी होतात.

पुढचं सगळं इतकं झटपट होतं की डोळ्यांना पुरत नाही. काठीला दोर, दोराला चकाकता गळ, आणि गळाला उलटा काटा नाही. मासा लागला रे लागला की काठी मागे झटकायची. दोन-तीन किलोंचं ते धूड डोक्यावरून उडून मागे फळ्यांवर आपटतं, गळ आपोआप सुटतो आणि काठी पुन्हा पाण्यावर. सोडवणं नाही, खेचाखेच नाही. कोकणात खडकावर बसून गरी टाकणारे पुष्कळ पाहिले आहेत. तो निवांतपणाचा धंदा आहे. इथे मात्र मासा हवेतून येतो आणि बेसावध पाहुण्याला थोबाडात बसू शकतो, म्हणून मला कोपऱ्यात बसवून ठेवलं होतं. काही मिनिटांनी झुंड खोल गेली आणि सगळं एकदम थांबलं. डेकवर रक्त, खवले आणि धडधडणारी अंगं. माणसं मात्र विड्या पेटवून गप्पा मारू लागलेली.

या पद्धतीत जाळं फक्त आमिषापुरतं. मोठा मासा एका गळाला एकच. कासव अडकत नाही, डॉल्फिन अडकत नाही, नको असलेला मासा मेलेला फेकून द्यावा लागत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांवर 2016 मध्ये सरकारला निर्बंध घालावे लागले, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मध्ये केंद्राने बंदी आणली, आणि तरी पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचं भांडण मिटलेलं नाही. त्या पार्श्वभूमीवर मलिकूची काठी पाहिली की बरं वाटतं. पण ही माणसं संत आहेत आणि निसर्गाशी त्यांचं काही गूढ नातं आहे, असलं काही लिहायचा मोह मी आवरतो. झुंड वर आली की काठीने पकड भरपूर होते, भोवतालचा समुद्र प्रचंड आहे आणि बेटावरची माणसं दहा हजारांच्या आसपास. गणित जुळतं, म्हणून पद्धत टिकली. 1960च्या दशकापासून मत्स्य खात्याने ती इतर बेटांवरही नेली.

दुपारी बोट परतते आणि माशाचे वाटे पडतात. बोटीचा वेगळा, माणसांचे वेगळे. घरी गेलेला मासा चुलीवर जातो. उरलेल्याचं मासमीन होतं. डोकं आणि काटा काढून लांबट फोडी करायच्या, समुद्राच्या पाण्यात उकडायच्या, धुरावर धरायच्या आणि मग उन्हात इतक्या वाळवायच्या की लाकडासारख्या टणक होतात. पाच किलो ताज्या माशातून जेमतेम किलोभर हाती लागतं, पण ते महिनोन् महिने टिकतं. उकडलेलं पाणीही फुकट जात नाही. ते आटवत आटवत काळपट, दाट चटणीसारखं करतात. त्याला रिहाकुरू म्हणतात. चव विचाराल तर पहिल्या घासाला मी दचकलो आणि तिसऱ्या घासाला अजून मागितलं. सोड्यांच्या खिचडीवर वाढलेल्या माणसाला मासमीन परकं वाटत नाही. ते किसून ओल्या खोबऱ्यात कांदा-मिरचीबरोबर कालवलं, की भाकरीच आठवते.

हा व्यवहार जुना आहे. इब्न बतूता 1343 मध्ये मालदीवला पोहोचला, तेव्हा असाच उकडून धुरावर वाळवलेला मासा तिथून भारत, चीन आणि येमेनला जातो, हे त्याने नोंदवून ठेवलं. श्रीलंकेच्या स्वयंपाकघरात तो आजही उंबलकडा या नावाने रोज लागतो. मिनिकॉयवर टूना डबाबंद करणारा सरकारी कारखाना 1969 पासून आहे. तरीही मालाचा भाव ठरतो तो मुख्य भूमीवरच्या व्यापाऱ्यांच्या हातात, आणि पावसाळ्यात समुद्र बंद असताना हातात काय उरतं ते त्या भावावर.

गावं अकरा, सगळी एकमेकांना चिकटून. गावाला इथे अवाह म्हणतात. प्रत्येक अवाहचा पुरुष प्रमुख बोडुकाका आणि बायकांची प्रमुख बोडुताता. प्रत्येक अवाहची आपली बैठकीची जागा, आपली रंगवलेली लांबलचक शर्यतीची होडी, जाहाधोनी. लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी राहायला जातो आणि घर आईकडून मुलीकडे जातं. इथले पुरुष पिढ्यान् पिढ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरत आलेत, त्यामुळे गावगाडा बायकांनीच हाकला. संध्याकाळी धक्क्याजवळ पोरं सायकली पिटाळत असतात आणि बायका उंबऱ्याशी बसून मोठमोठ्याने बोलत असतात. मार्को पोलोने लिहिलेलं बायकांचं बेट ते हेच, असं काहीजण सांगतात. मला ते ओढूनताणून वाटतं.

दक्षिण टोकाला 1885 सालचा दीपस्तंभ आहे. पायऱ्या चढून दम लागतो, पण वरून लगूनची पूर्ण कड दिसते आणि बेट किती थोडं आहे ते एका नजरेत कळतं. समोर विरिंगिली हे चिमुकलं निर्जन बेट. कधीकाळी कुष्ठरोग्यांना तिथे नेऊन ठेवत.

आमिषाचे काही मासे वाळूवरच्या उथळ पाण्यात फिरतात, काही थेट प्रवाळाच्या फांद्यांत राहतात. समुद्र तापून 1998, 2010 आणि 2016 मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. अगत्ती, कडमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घकालीन अभ्यासात जिवंत प्रवाळ दोन-अडीच दशकांत निम्म्यावर आल्याचं दिसलं. आमिष पूर्वीसारखं मिळत नाही, हे मिनिकॉयचे मच्छीमारही सांगतात. त्यातच 2021 मध्ये मिनिकॉय, सुहेली आणि कडमतच्या लगूनमध्ये पाण्यावरच्या व्हिला बांधण्याची योजना पुढे आली. मालदीवसारखं पर्यटन, ही कल्पना ऐकायला गोड आहे. पण बोटभर माशाची जागा गेली की काठी, फळी, मासमीन आणि रिहाकुरू असं सगळंच ओळीने जाईल. पर्यटन इथे यावं, बेटावर घरगुती राहण्याची सोय वाढावी, लगूनमध्ये मात्र खांब रोवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

जायचं असेल तर आधी प्रवेश परवाना काढावा लागतो. मिनिकॉयला विमानतळ नाही. कोचीहून जहाजानेच जायचं, रात्र समुद्रावर काढायची तयारी ठेवून. पावसाळा टाळा, ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. बेटावर दारूबंदी आहे. मासमीन दुकानातून घेण्याऐवजी ते करणाऱ्या घरातूनच घ्या आणि घासाघीस करू नका. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडा मात्र आठवण म्हणूनही खिशात घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.