मधल्या फळींतले लॉरेन्स

फुटबॉलच्या सामन्यांत गोल करणाराचें नांव घरोघरीं पोंचतें. मधल्या फळींत राबणाराचें क्वचितच. प्रतिपक्षाची चाल मोडावयाची, हिसकलेला चेंडू आघाडीच्या स्वाधीन करावयाचा आणि लागलीच माघारीं धांवावयाचें, हें त्याचें काम. पहूरकडचा शेतकरी त्याला गाडीचा आंस म्हणेल. डोळ्यांत भरतात तीं चाकें.

गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स (जन्म १९७९) यांनीं हेंच काम वर्षानुवर्षें केलें. ते धेंपो क्लबाचे आधार होते. २००५ ते २०१२ या अवधींत त्या क्लबानें राष्ट्रीय विजेतेपद पांच वेळां मिळविलें.

गंमत अशी, कीं लोकांस त्यांची आठवण आहे ती एका गोलामुळेंच! २००८ सालीं ए. एफ. सी. चॅलेंज चषकांत, हैदराबादेस, अफगाणिस्तानाशीं सामना बरोबरींत सुटणार असें दिसत असतां अगदीं अखेरच्या क्षणीं त्यांनीं गोल केला. पुढें दिल्लीस भारतानें ताजिकिस्तानास ४-१ असें हरवून चषक जिंकला, आणि १९८४ नंतर प्रथमच आशिया चषकाचें दार उघडलें.

२०११ सालीं कतारांत ऑस्ट्रेलिया, बहरीन व दक्षिण कोरिया या तिघांकडूनही भारत हरला. तेरा गोल अंगावर आले. असल्या दिवसांत मधल्या फळीचे काय हाल होतात, हें खेळणारासच ठाऊक. लॉरेन्स तेथें होते. २०१२ मध्यें त्यांनीं राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला.