वाघाच्या अंगावरील हिरवी झाक

पावसाळ्याची सुट्टी संपून ऑक्टोबरच्या आरंभी ताडोबाच्या गाभा क्षेत्राचे दरवाजे पर्यटकांस पुन्हा खुले होतात, तेव्हा पावसाने पोसलेल्या बांबूच्या बेटांतून आणि सागाच्या रुंद पानांतून झिरपून खाली येणारा प्रकाश इतका हिरवा असतो की, त्या छायेत पहुडलेल्या वाघाचे चित्र घरी येऊन संगणकाच्या पडद्यावर उघडले असता हौशी छायाचित्रकारास आपल्या कॅमेऱ्याविषयीच शंका येऊ लागते. हनुवटीचे पांढरे केस शेवाळी दिसतात, पोटाकडचा भाग पोपटी दिसतो, आणि ज्या केशरी रंगासाठी पहाटे उठून एवढा खटाटोप केला तो मळकट तपकिरी होऊन बसलेला असतो. जिप्सीत बसून पाहताना तर यातले काहीच जाणवले नव्हते!

जाणवले नव्हते, कारण प्रकाशाचा रंग वजा करून वस्तूचा रंग ओळखण्याची सवय मनुष्याच्या दृष्टीस उपजतच आहे. कंदिलाजवळ धरलेला कागद आणि माध्यान्हीच्या उन्हातला कागद दोन्ही आपल्याला पांढरेच वाटतात. कॅमेऱ्याला हा विवेक नाही. त्यातल्या संवेदकावर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जी जाळी बसविलेली असते, आणि जिचे पेटंट कोडॅक कंपनीतील ब्राइस बायर यांच्या नावे 1976 साली नोंदले गेले, तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या असतात, आणि लाल व निळ्या प्रत्येकी केवळ पाव. शिवाय हिरव्या प्रकाशास संवेदक अधिक प्रतिसाद देतो, त्यामुळे कच्च्या स्वरूपातील प्रत्येक डिजिटल चित्र मुळात हिरवटच असते आणि लाल व निळ्या रंगांच्या आकड्यांना योग्य त्या पटीने गुणल्यावरच ते रास्त दिसू लागते. या गुणाकारालाच छायाचित्रकार ‘व्हाइट बॅलन्स’ म्हणतात. तो किती पटीचा असावा याचा निर्णय कॅमेऱ्यावर सोपविला, तर यंत्र समोरच्या दृश्यावरून अंदाज बांधते, आणि चौकटभर पाने किंवा चौकटभर वाळके गवत असले की तो अंदाज हमखास चुकतो.

दुरुस्तीसाठी संगणकावर दोन सरकपट्ट्या मिळतात. पहिली निळ्या आणि पिवळ्या रंगांमधली, जिच्यावर केल्व्हिनचे आकडे असतात : माध्यान्हीचे ऊन सुमारे 5500, निरभ्र आकाशाखालची सावली 7000 ते 8000. आकडा वाढविला की चित्र पिवळे होते, याचे नवशिक्याला नवल वाटते, पण त्याचा खुलासा सोपा आहे. प्रकाश निळा होता असे आपण यंत्रास कळवितो आणि यंत्र त्याची भरपाई पिवळ्याने करते. दुसरी पट्टी हिरवा आणि मॅजेंटा, म्हणजे जांभळट गुलाबी, यांच्यामधली. जंगलातल्या छायेचा इलाज बहुतांशी या दुसऱ्या पट्टीवर असतो, आणि पुष्कळ लोक पहिलीशीच झगडत बसतात.

याखेरीज ‘आयड्रॉपर’ नावाचे एक साधन असते. चित्रातील एखाद्या बिंदूवर ते टेकविले की तो बिंदू निखळ करडा किंवा पांढरा आहे असे गृहीत धरून सॉफ्टवेअर अवघ्या चित्राचा हिशेब त्यावरून मांडते. सर्वांचा हात साहजिकच वाघाच्या हनुवटीकडे जातो, आणि घोटाळा नेमका तेथेच होतो. हनुवटीवर पडणारा उजेड खालच्या गवतावरून उसळून आलेला, म्हणजे वरच्या उजेडाहून अधिक हिरवा असतो. तो काढून टाकण्याच्या नादात सॉफ्टवेअर उरलेल्या अंगावर मॅजेंटाचा मारा करते आणि वाघ गुलाबी होतो. डोळ्यांच्या वरचे पांढरे ठिपके पाहावेत तर मोकळ्या जागी त्यांवर आकाशाची निळाई उतरलेली असते. एकाच जनावराच्या अंगावरील दोन पांढरे असे परस्परविरुद्ध साक्ष देत असता एकाच हुकुमाने दोघांचा निकाल लावणे गैर होय. सर्व चित्रास मध्यम दुरुस्ती द्यावी आणि हनुवटी-पोटापुरता मास्क आखून तेथला हिरवेपणा स्वतंत्रपणे उतरवावा, हीच तजवीज मला अधिक न्याय्य वाटते. वाघ मोहर्लीच्या बाजूच्या डांबरी सडकेवर भेटला असेल तर ती सडकच कामास येते. छायाचित्रकलेतले 18 टक्के परावर्तनाचे करडे कार्ड वाघासमोर धरण्यास कोणी धजणार नाही. परंतु तो निघून गेल्यावर, गाडी तशाच छायेत उभी असताना, कार्डाचे एक चित्र टिपून ठेवण्यास काहीच हरकत नसते.

पक्ष्यांच्या बाबतीत प्रकरण आणखी नाजूक होते. आपला राज्यपक्षी हरियाल उंबराच्या फळांवर तुटून पडलेला असताना पाने हिरवी, पक्षी हिरवट पिवळा आणि मधला उजेडही हिरवा! त्याचे डोके करडे दिसते म्हणून आयड्रॉपर तेथे टेकवावा, तर त्या करड्यात मुळातच निळसर छटा असल्यामुळे सारे चित्र पिवळे पडते. मॅजेंटा वाढवावा, तर छातीचा उजळ रंग खाकी होतो. येथे खांद्यावरचा फिकट जांभळा पट्टा आणि पिवळे पाय यांवर नजर ठेवून हात हलकाच चालवावा, आणि थोडी हिरवी झाक खुशाल राहू द्यावी.

कारण प्रत्येक झाक हा दोष नव्हे. सूर्योदयाच्या वेळी वाळक्या गवतावर आणि सांबराच्या पाठीवर उतरलेले सोने हे त्या घटकेचे खरे रूप आहे, आणि ते पुसून सकाळची दुपार करणारी दुरुस्ती, आकड्यांच्या दृष्टीने कितीही निर्दोष असली, तरी मी तिला खोटा दस्तऐवजच म्हणेन. काढावयाची ती यंत्राने घातलेली भर आणि डोळ्यांना न जाणवलेला अतिरेक; प्रहराचा रंग नव्हे.

हे सर्व ‘रॉ’ फाइलवर करावे. तिच्यात व्हाइट बॅलन्स ही केवळ एक टीप असते, कितीही वेळा बदलली तरी मूळ नोंदीस धक्का लागत नाही, आणि प्रत्येक रंगाच्या 4096 किंवा 16384 पायऱ्या हाताशी राहतात; जेपेगमध्ये गुणाकार आधीच उरकलेला असून पायऱ्या अवघ्या 256 उरतात, त्यामुळे जास्त ओढाताण केली की रंगांचे पट्टे पडतात. काम चालू असताना पडद्याचा रात्रीचा पिवळा प्रकाश बंद असल्याची खात्री करावी. आणि दुरुस्त प्रत मनासारखी उतरली म्हणून मूळ फाइल पुसून टाकू नये. वन्यजीव छायाचित्रांच्या मोठ्या स्पर्धांत अंतिम फेरीस पोहोचलेल्याकडून परीक्षक तीच मागून घेतात.