स्वर्गीय नर्तक आणि त्याचे बेटांवरचे भाऊबंद

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरच्या परिसरात ऊस आणि यंत्रमाग यांचाच वावर अधिक असला, तरी याच कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, राधानगरी-दाजीपूरच्या गर्द जंगलात, स्वर्गीय नर्तक हा कीटकभक्षी पक्षी आढळतो. त्याचे शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ मध्ये केले. त्याच्या प्रजातीतले, म्हणजे एकाच पूर्वजापासून निघालेल्या जवळच्या जातींच्या गटातले, अनेक पक्षी हिंदी महासागरातील बेटांवर राहतात, आणि या नात्यामुळेच बेटावरचे जीवन किती नाजूक असते हे कोल्हापूरच्या वाचकाला सहज उमगू शकते.

स्वर्गीय नर्तकाचा देह बुलबुलाएवढा असतो. मात्र पूर्ण वाढलेल्या नराच्या शेपटीतली मधली दोन पिसे शरीरापेक्षाही लांब असून, तो फांदीवरून झेपावत हवेतल्या हवेत किडे टिपू लागला की ती फितीसारखी लहरत जातात. कोवळ्या वयात नर तांबूस असतो. पुढे काही नर पांढरेशुभ्र होतात, तर काही तांबूसच राहतात. खालच्या फांदीच्या टोकाशी बारीक काड्या व तंतू यांचे वाटीसारखे खोलगट घरटे विणून त्याला बाहेरून कोळ्याची जाळी लिंपलेली असते, आणि अंडी उबवण्याची पाळी नरही घेत असल्यामुळे त्याची लांब शेपटी घरट्याबाहेर लोंबताना दिसते. मादी साधारणतः तीन ते पाच अंडी घालते, ही संख्या पुढील तुलनेसाठी महत्त्वाची आहे.

सेशेल्स द्वीपसमूहातील ला दिग हे बेट जेमतेम दहा चौरस किलोमीटरचे आहे. तेथील भाऊबंदाचा नर निळसर झाक असलेला काळाभोर व लांब शेपटीचा असतो, तर मादी वरून तांबूस, खालून पांढरी आणि डोक्याने काळी असते. विशेष म्हणजे ज्या झाडांच्या राईत हा पक्षी राहतो ती उंडी आणि देशी बदाम ही झाडे कोकण किनाऱ्यालाही परिचित आहेत. तेथील मादी मात्र एकच अंडे घालते. त्यामुळे राई तुटली किंवा घरट्यातले पिल्लू शत्रूने पळवले, तर भारतीय जातीप्रमाणे ती हानी लवकर भरून निघत नाही, आणि आजूबाजूला समुद्रच असल्याने दुसरीकडून पक्षी येऊन जागा भरण्याची आशाही नसते.

मॉरिशसमध्ये, जिथे एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीसाठी गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही आहेत, याच गटातली आणखी एक जात आढळते. तिच्या नराला लांब शेपटी नसते. तेथील मूळ जंगलाचा फार मोठा भाग उसाच्या लागवडीखाली गेला, आणि उसाच्या सलग फडात या पक्ष्याला ना घरट्याची फांदी मिळते ना सावलीतले किडे. उसावर जगणाऱ्या कोल्हापूरनेही ही गोष्ट दूरची मानू नये.

सेशेल्समधील संरक्षकांनी २००८ मध्ये ला दिगवरील २३ पक्षी पकडून, उंदीर व मांजरे आधीच हटवलेल्या डेनिस बेटावर नेऊन सोडले. तेथे त्यांची वीण सुरू झाली आणि संख्या वाढली. अतिसंकटग्रस्त, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी काठावर असलेल्या वर्गातून ही जात २०२० मध्ये बाहेर काढून तुलनेने कमी धोक्याच्या, ‘असुरक्षित’ या वर्गात ठेवण्यात आली.