मित्रांची फँटसी लीग मे महिन्यापर्यंत कशी टिकवावी

ऑगस्टमध्ये इंग्लंडची प्रीमिअर लीग सुरू व्हायच्या आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी फँटसी लीगचा कोड टाकतं. दहा-बारा जण हौसेनं संघ करतात आणि पहिल्या शनिवारी फोन सारखा वाजत राहतो. दिवाळी येईपर्यंत त्यातले निम्मे गप्प झालेले असतात. जानेवारीत तिघेचौघेच उरतात, आणि मे महिन्यात जो जिंकतो त्याचं अभिनंदन करायलाही कुणाला आठवत नाही.

यात ॲपचा दोष नाही. खऱ्या सामन्यांतल्या खेळाडूंच्या कामगिरीवरून ॲप गुण चोख मोजतं. मित्रांना नऊ महिने गुंतवून ठेवणारे नियम मात्र मित्रांनीच करायचे असतात. ते करताना पहिल्या क्रमांकावर कोण येणार याची चिंता नको, कारण आघाडीवरचा माणूस खेळतच राहतो. तळाच्या तिघाचौघांना एप्रिलमध्येही संघ बदलावासा वाटेल का, या एकाच कसोटीवर प्रत्येक नियम घासून पाहावा.

तळाचा विचार जुनाच आहे

हा खेळ अमेरिकेत, तिथल्या फुटबॉलवर जन्मला. १९६२ साली ओकलंड रेडर्स या संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख संघाबरोबर दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात दोन साथीदारांसोबत बसले आणि त्यांनी या खेळाचे नियम लिहून काढले. पुढच्या वर्षी त्यांच्याच घरी खेळाडूंची पहिली निवड झाली. लीगमध्ये आठ संघ होते. विशेष म्हणजे सर्वांत खाली राहणाऱ्यासाठीही त्यांनी एक ट्रॉफी ठेवली होती. तळाच्या माणसाची काही दखल घेतली नाही तर तो निघून जाईल, हे ओळखूनच बहुधा.

आपल्या ग्रुपवर मात्र चालतं ते २००२-०३ च्या मोसमात सुरू झालेलं अधिकृत फँटसी प्रीमिअर लीग, म्हणजे एफपीएल. पुढचं सगळं त्याला धरूनच आहे.

खेळाचा सांगाडा

दहा कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये पंधरा खेळाडू घ्यायचे: दोन गोलकीपर, पाच बचावपटू, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. एका क्लबचे तिघांपेक्षा जास्त चालत नाहीत. दर आठवड्याला अकरा जण उतरवायचे, कॅप्टनचे गुण दुप्पट होतात. आठवड्याला एक बदल फुकट मिळतो आणि न वापरलेले बदल पाचपर्यंत साठवता येतात. त्यावरच्या प्रत्येक बदलाला चार गुण कापले जातात.

फॉरवर्डच्या गोलला चार गुण, मिडफिल्डरच्या पाच, बचावपटूच्या सहा. २०२५-२६ पासून बचावातल्या मेहनतीलाही दोन गुण मिळू लागले आणि वाइल्डकार्डसारख्या चिप, म्हणजे मोजक्या वेळा मिळणाऱ्या खास सवलती, मोसमाच्या दोन अर्धांत एकेकदा वापरता येऊ लागल्या. असे बदल दर उन्हाळ्यात होतात. म्हणून ॲडमिननं नव्या मोसमाचे नियम वाचून ग्रुपवर चार ओळींत मराठीत टाकावेत. नवख्याला एवढी मदत पुरते.

क्लासिक की हेड-टू-हेड?

लीगचा स्वभाव या एका निर्णयावर ठरतो, आणि नेमका हाच निर्णय बहुतेक ठिकाणी विचार न करता घेतला जातो.

क्लासिकमध्ये मोसमभराचे गुण एकत्र मोजतात. पद्धत न्याय्य आहे, नशिबाचा भाग कमी आहे. पण फेब्रुवारीत कुणी दीडशे गुणांनी मागे पडला, की त्याला परतीची वाट उरत नाही. हेड-टू-हेडमध्ये दर आठवड्याला एकाशी थेट सामना असतो. जिंकलात तर तीन गुण, बरोबरी झाली तर एक. इथं अकराव्या क्रमांकावरचाही या शनिवारी पहिल्याला हरवू शकतो, आणि रविवारी रात्री ग्रुपवर त्याला बोलायला हक्काचा विषय मिळतो.

हेड-टू-हेडचा धोका वेगळा आहे. भिशीत एखाद्यानं मधेच हप्ता थांबवला की सगळ्यांचा हिशेब बिघडतो, तसंच इथं होतं. नोव्हेंबरमध्ये कुणी संघाकडे पाहणं सोडलं, की त्यानंतर ज्याची गाठ त्याच्याशी पडेल त्याला आयते तीन गुण. ऑक्टोबरमध्ये त्याच्याकडून हरलेल्याचं काय? क्लासिकमध्ये सोडलेला संघ तळाला जाऊन बसतो, इतरांचं काही बिघडवत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: दोन्ही चालवा. एकच संघ दोन्ही लीगमध्ये नोंदवता येतो, वेगळं काम पडत नाही. क्लासिकमध्ये वाटेल त्याला घ्या. हेड-टू-हेडमध्ये मात्र मेपर्यंत खेळेन असा शब्द देणाऱ्यांनाच घ्या, आणि त्यांची संख्या सम ठेवा. विषम असली तर दर आठवड्याला एकाची गाठ ॲपनं उभ्या केलेल्या सरासरीच्या संघाशी पडते, आणि त्याला मित्राशी लढल्याची मजा येत नाही.

यासोबत महिन्याचा विजेताही जाहीर करा. क्लासिक लीगमध्ये ऑगस्ट, सप्टेंबर असा महिनावार तक्ता आयता मिळतो. प्रत्येक महिन्याची सुरुवात सगळ्यांसाठी शून्यावरून होते. डिसेंबरमध्ये शेवटच्या क्रमांकावर असलेला माणूस जानेवारीचा विजेता होऊ शकतो. मोसमाच्या मध्यावर मरगळलेली लीग वाचवणारा याहून सोपा नियम मला माहीत नाही.

ड्राफ्ट: मुरलेल्यांसाठी

नेहमीच्या एफपीएलमध्ये बारापैकी दहा जणांकडे हालांडसारखा एकच गोलवीर असू शकतो, आणि मग सगळे संघ सारखेच दिसू लागतात. यावर उतारा म्हणजे ड्राफ्ट. त्यात एक खेळाडू लीगमध्ये एकाच मालकाकडे असतो. बजेट नाही, कॅप्टन नाही. निवड पाळीपाळीनं होते आणि पाळी दर फेरीत उलटते. आठ जण असतील तर पहिल्याला पहिला आणि सोळावा खेळाडू मिळतो, आठव्याला आठवा आणि नववा.

किती जण असावेत, हे गणितानंच ठरवावं. प्रीमिअर लीगमध्ये वीस क्लब आहेत, म्हणजे एका फेरीत मैदानावर उतरणारे सुरुवातीचे खेळाडू २२०. आठ मालकांनी पंधरा-पंधरा घेतले तर १२० जातात आणि शंभर शिल्लक राहतात. कुणी जखमी झाला तर बदली सापडते. चौदा मालक असले की २१० संपतात. बाजारात चांगलं कुणी उरतच नाही, आणि ज्याची निवड बिघडली त्याला सुधारायला जागा राहत नाही. आठ ते दहा हा आकडा उत्तम.

निवडीच्या दिवशी सगळे एकाच वेळी हजर हवेत. एका निवडीला मिनिट धरलं तरी १२० निवडींना दोन तास लागतात. रविवारची दुपार राखून ठेवा, आणि शक्य असेल तर एकाच घरात जमा. ज्याला यायला जमणार नाही त्यानं आपल्या पसंतीची यादी आधीच लावून ठेवावी.

मोकळ्या खेळाडूवर पहिला हक्क कुणाचा, हा प्रश्न मग दर आठवड्याला येतो. नियम ठरवणं तुमच्या हातात असेल तर तळाच्या संघाला पहिली पाळी द्या. अदलाबदलीबद्दल मात्र कडक राहा. एप्रिलमध्ये ज्याला गमवायला काही उरलेलं नाही असा एखादा आपला सर्वोत्तम खेळाडू जवळच्या मित्राला देऊन टाकतो, आणि वर्षभराची मैत्री एका रात्रीत कडवट होते. ॲडमिनची मंजुरी किंवा इतर मालकांना हरकत घेण्याची मुभा, यातलं एक आधीच निवडा. फेब्रुवारी संपला की अदलाबदल बंद.

डेडलाइन आणि आपलं घड्याळ

आठवड्यातला पहिला सामना सुरू व्हायच्या नव्वद मिनिटं आधी संघ गोठतो. क्लब आपले अकरा जण पंच्याहत्तर मिनिटं आधी जाहीर करतात, त्यामुळे ते पाहून बदल करायची सोय नाही.

भारतातल्या खेळाडूंचा खरा घोळ वेळेचा असतो. ऑगस्टमध्ये शनिवारी दुपारी साडेबाराच्या इंग्लिश सामन्यासाठी आपली डेडलाइन दुपारी साडेतीनला येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडचं घड्याळ तासभर मागे जातं आणि हीच डेडलाइन साडेचारला सरकते. शुक्रवारी रात्री आठचा सामना असेल तर उन्हाळ्यात शुक्रवारी रात्री अकराला संघ बंद होतो, हिवाळ्यात बरोबर मध्यरात्री. शनिवारी सकाळी उठून बघू म्हणणारा तिथंच फसतो. न्यू जर्सीतल्या मित्राची शनिवारची डेडलाइन सहसा पहाटे सहाला असते, कॅलिफोर्नियातल्याची तीनला, म्हणजे त्यांना आदल्या रात्रीच संघ लावून झोपावं लागतं.

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर आठवण टाकण्याचं काम एकाकडे द्या आणि ते दर महिन्याला फिरवा. आठवण टाकली गेली नाही तरी डेडलाइन चुकल्याची दाद मिळणार नाही, हेही नियमात लिहा. सवलत एकाला दिली की सगळ्यांना द्यावी लागते.

पैसे आणि बक्षीस

मुंबईत २००८ साली सुरू झालेल्या ड्रीम इलेव्हननं फँटसी खेळ भारतात घराघरांत नेला, आणि त्याबरोबर पैसे लावण्याची सवयही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि अशा कंपन्यांना पैशांच्या स्पर्धा थांबवाव्या लागल्या. एफपीएल स्वतः फुकट आहे. मित्रांनीही ते तसंच ठेवावं असं मी मनापासून म्हणतो. ग्रुपमध्ये एकाचा पगार दुसऱ्याच्या तिप्पट असतो, आणि जी रक्कम एकाला किरकोळ वाटते ती दुसऱ्याच्या घरखर्चाला जाणवते. तो बोलत नाही, पुढच्या वर्षी फक्त येत नाही.

विजेत्याला त्याच्या आवडत्या क्लबची जर्सी द्या. एक फिरती ट्रॉफी करून तिच्यावर दरवर्षीची नावं कोरा. मोसम संपल्यावर सगळ्यांनी एकत्र जेवायला जा आणि विजेत्याचं बिल इतरांनी वाटून घ्या.

शेवटच्याला शिक्षा

अमेरिकेत ही प्रथा जोरात आहे. २०२१ मध्ये मिसिसिपीतला एक पत्रकार लीगमध्ये शेवटचा आला म्हणून वॉफल हाउस या उपाहारगृहात पंधरा तास बसला. चोवीस तासांची शिक्षा होती, पण खाल्लेल्या प्रत्येक वॉफलमागे एक तास माफ होत होता, आणि त्यानं नऊ खाल्ले.

शिक्षेमुळे तळाची चुरस शेवटच्या आठवड्यापर्यंत राहते, म्हणून ती असावी. पण ती ऑगस्टमध्ये सगळ्यांच्या संमतीनं ठरावी, आणि शरीर, नोकरी, घर किंवा पैसा यांना तिचा धक्का लागू नये. शेवटच्याचा व्हिडिओ ग्रुपबाहेर जाता कामा नये. जेवणाचं ठिकाण शोधून टेबल राखून ठेवणं, वर्षभर प्रतिस्पर्धी क्लबचं चिन्ह डीपीवर लावणं, पुढच्या मोसमाचा तक्ता सांभाळणं, एवढं पुरेसं आहे.

ॲडमिन, बरोबरी आणि अडलेला मोसम

ॲडमिन स्वतः खेळत असतो, म्हणून ज्या वादात तो स्वतः आहे त्यावर त्यानं निर्णय देऊ नये. तिघांची समिती नेमा, वादी आणि प्रतिवादी सोडून. गुणांबद्दल वाद घालायचाच नाही, ॲपनं जे पक्कं केलं ते अंतिम. असिस्ट कुणाचा हे सामन्यानंतरही बदलू शकतं, त्यामुळे महिन्याचा विजेता बोनस गुण जमा झाल्यावरच जाहीर करा. गुण सारखे झाले तर एफपीएल मोसमात कमी बदल करणाऱ्याला वर ठेवतं. महिन्याच्या बरोबरीत दोघांनाही विजेता म्हणा.

मोसम मधेच थांबला तर काय, हे कुणी लिहून ठेवत नाही. १३ मार्च २०२० ला कोविडमुळे प्रीमिअर लीग थांबली आणि १७ जूनला पुन्हा सुरू झाली. परतल्यावर एफपीएलनं अमर्याद बदलांची मुभा दिली, त्यामुळे मार्चपर्यंत जपून ठेवलेल्या अनेक संघांची घडीच मोडली. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनानंतर एका आठवड्याचे सगळे सामने पुढे गेले. अशा वेळी ॲपचा निर्णय तोच आपला निर्णय, आणि मोसम रद्दच झाला तर एकोणीस आठवडे पूर्ण झाले असल्यास तेव्हाचा तक्ता अंतिम धरायचा, नाहीतर विजेता नाही. हे आधीच लिहिलेलं असेल तर त्या दिवशी भांडण होत नाही.

नियमांचा मेसेज ग्रुपवर पिन करा. मोसमात कोणताही नियम बदलू नका, कितीही अन्यायाचा वाटला तरी. सूचना लिहून ठेवा आणि जुलैमध्ये मतदान घ्या. त्या मतदानात मावळत्या मोसमात तळाला राहिलेल्या तिघांना आधी बोलू द्या.