पाण्याकाठी – लेखांक १४ : पिशवी ठेवायची कुठे?

आज लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या लीडरच्या गाठींवर लिहायचं ठरलं होतं. गाठी पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण मधे कुडाळच्या एका वाचकांचं पत्र आलं. मुलाने त्यांना परदेशातून फ्लायचा रॉड आणि सोबत एक बॅग आणून दिली आहे. बॅग तीस लिटरची, चौदा कप्प्यांची. पावसाळा संपला की देवबागला कर्लीच्या मुखाशी उतरायचा त्यांचा बेत आहे. त्यांनी विचारलंय, ‘कुठल्या कप्प्यात काय भरू?’

कप्प्यांचं नंतर बघू. आधी माझाच एक प्रश्न. मांडीएवढ्या पाण्यात उभे असताना तुम्ही ही बॅग ठेवणार कुठे?

हा प्रश्न खरं तर मला दुसऱ्याने घातलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत मी कोळंबच्या खाडीत पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन उतरायचो. फ्लाय बदलायची झाली की सॅक उतरवायची, गुडघ्यावर तोलायची आणि एका हाताने चेन उघडायची. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकत होते. बराच वेळ त्यांनी माझी कसरत पाहिली आणि म्हणाले, “पिशयी काढून ठेवची खंय? हयसर कोरडा काय आसा?” त्यांच्या स्वतःच्या कमरेला दोरीने बांधलेली बेळांची पाटली, म्हणजे टोपली होती, दुसऱ्या बाजूला लाकडाची आकडी आणि आकडीत कोयता. पाग झटकला की मासा सरळ पाटलीत जायचा. दोन्ही हात कायम मोकळे, आणि अंगावरून काही उतरवायचा प्रश्नच नाही.

मी मात्र त्या दिवशी शहाणपण करून सॅक खाडीकाठच्या चिपीच्या झाडाच्या फांदीला अडकवली. सुकती होती, फांदी पाण्यापासून चांगली उंच होती. मग मासे मारायच्या नादात मी वर सरकत गेलो. परत आलो तेव्हा भरती लागून बराच वेळ झाला होता आणि फांदी पाण्याखाली होती. सॅक मिळाली, पण आतला फोन, डबा आणि फ्लायची डबी, सगळं खारं झालं होतं. उधाणाला आपल्याकडे पाणी दोन मीटरहून जास्त चढतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण फांदीकडे बघताना ते आठवलं नाही.

तेव्हापासून माझी कसोटी एकच आहे. जी पिशवी वापरायला अंगावरून उतरवावी लागते, ती खाडीसाठी नाही. काश्मीर-हिमाचलातल्या ट्राउटच्या नदीकाठी गोटा असतो, गवत असतं, तिथे सॅक टेकवता येते. आपल्याकडे पायाखाली चिखल असतो, कालवांचा धारदार थर असतो, नाहीतर दर दोन तासांनी जागा बदलणारी वाळू असते.

मग कुठली घ्यायची? पाठीवरची सॅक बाद झाली. छातीवरची पिशवी हाताशी असते, पण ती घातली की पाय कुठे पडतो ते दिसत नाही, आणि कालवांवर चालताना ते दिसायलाच हवं. कमरेचा पट्टा किनाऱ्यावरून वाळूत उभं राहून टाकणाऱ्याला उत्तम. मांडीच्या वर पाणी आलं की तो बुडतो. बरेच खिसे असलेलं जॅकेट हा चौथा प्रकार. ली वुल्फ या अमेरिकन माणसाने १९३१ मध्ये असं पहिलं जॅकेट स्वतःच्या हाताने शिवलं असं सांगतात, आणि नंतर जगभरच्या फ्लायवाल्यांचा तो गणवेशच झाला. कल्पना बिनतोड होती, पिशवी खांद्यावरून काढून अंगातच घालायची. पण ती थंड नद्यांची कल्पना. एप्रिलमध्ये तळाशीलच्या वाळूवर दोन थरांचं कापड अंगात घालून बघा, तासाभरात पिळून काढावं लागेल.

मी वापरतो ती एकाच खांद्यावरून तिरकी जाणारी, दहा-बारा लिटरची पिशवी. उजव्या हाताने रॉड मारणाऱ्याने पट्टा डाव्या खांद्यावर घ्यावा, म्हणजे उजवा खांदा मोकळा राहतो. पिशवी पाठीवर असते. हवी तेव्हा उजव्या काखेखालून पुढे ओढायची, छातीपाशी उघडायची, काम झालं की मागे ढकलायची. पट्ट्याचं बकल एका हाताने, न बघता सुटलं पाहिजे. कर्ली समुद्राला मिळते तिथे सुकतीची ओढ जबरदस्त असते. पाय सुटला तर पिशवी सोडून देता आली पाहिजे. हे बकल घरी डोळे मिटून दहा वेळा उघडून बघा.

बारा लिटर कमी वाटतील, पण इथेच फ्लायची गंमत आहे. नेहमीच्या रॉडमध्ये गळाला लावलेलं वजन दोरीला ओढत नेतं. फ्लायमध्ये वजन लाइनमध्येच असतं, आणि टोकाला असतात केस, पिसं नि एक गरी. बॉब क्लाउझर याने १९८७ मध्ये बांधलेली, डोळ्यांच्या जागी धातूचे दोन मणी असलेली फ्लाय तुम्ही लेखांक ९ मध्ये बांधली असेल. तशा वीस फ्लाय चष्म्याच्या घरात मावतात. त्यासोबत टिपेटची, म्हणजे फ्लाय बांधायच्या बारीक धाग्याची दोन रिळं, पक्कड आणि कात्री. मासेमारीचं सामान इथे संपलं. बाकीची जागा माणसासाठी.

पक्कड मात्र पिशवीत ठेवायचीच नाही. शिंगाळ्याच्या तोंडातून गरी काढताना एका हातात मासा असतो, दुसऱ्याने पक्कड लागते, आणि तिसरा हात कुणाला नसतो. मी कोयत्याची आकडीच लहान करून घेतली आहे. सुताराने फणसाच्या तुकड्यातून कोरून दिली, तिच्यात पक्कड उभी राहते आणि एका दोरीने पट्ट्याला बांधलेली असते. दुकानातल्या चामड्याच्या खोळी मी वापरून पाहिल्या आहेत. खाऱ्या पाण्यात त्या फुगतात आणि पक्कड आत अडकते. लाकडाच्या आकडीला त्याचं काही नाही.

आणि ती पाटली? तिचीही मी नक्कल केली आहे. लाइन हाताने ओढून घेताना वेटोळी पाण्यावर पडतात. शांत तळ्यात ती तिथेच तरंगतात. लाटेत ती पायाभोवती गुंडाळली जातात, नाहीतर कालवांवर घासून सोलली जातात. त्यासाठी कमरेला एक पसरट भांडं बांधतात आणि लाइन त्यात सोडतात. विकतही मिळतं, पण घरी करणं सोपं. भांडी विसळायचा प्लास्टिकचा चौकोनी टब घ्या. तळाला पंधरा-वीस भोकं पाडा. काही भोकांतून केबल टाय वर ओढून घ्या, बोटभर उंचीचे उभे काटे तयार होतील. त्यांच्यामुळे वेटोळी एकमेकांत शिरत नाहीत, उरलेल्या भोकांतून पाणी निघून जातं. कडेला दोन खाचा पाडून पट्टा ओवा. पहिल्यांदा हा टब बांधून कोळंबला गेलो तेव्हा आमचे पागवाले जवळ येऊन हात लावून बघून गेले. काही बोलले नाहीत, पण पाटलीचीच जात आहे हे त्यांना कळलं असणार.

आता चेन. यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्या किनाऱ्यावर पिशव्या फाटून मरत नाहीत, चेन अडकून मरतात. बहुतेक पिशव्यांना नायलॉनच्या बारीक वेटोळ्यांची चेन असते. वेटोळं खाऱ्या पाण्याने बिघडत नाही. बिघडतो तो सरकणारा धातूचा तुकडा, म्हणजे रनर. पाणी वाळलं की मीठ उरतं, त्याचे खडे रनरच्या पोटात बसतात, त्यावर पुन्हा दमट हवा येते आणि धातू खायला सुरुवात होते. दोन आठवड्यांत पांढरी पावडर दिसते, महिन्याभरात रनर हलत नाही, मग आपण जोर लावतो आणि चेन कायमची जाते. म्हणून घेताना बघायचं ते हे. चेन जाड, मोठ्या प्लास्टिकच्या दातांची असावी आणि रनरही शक्य तर प्लास्टिकचा. चेन जितक्या कमी, तितकं बरं. चौदा कप्पे म्हणजे चौदा चेनी, आणि प्रत्येकीत मीठ.

सगळ्यात उत्तम म्हणजे मुख्य तोंडाला चेनच नसलेली, वरून गुंडाळून बकलाने बंद होणारी पिशवी. तीन वळणं घातली की पाणी आत जात नाही. अशी पिशवी मी रिक्षाचे हूड शिवणाऱ्या कारागिराकडून करून घेतली. कापड जाड, टिकाऊ, उन्हापावसाला सरावलेलं. पण एक लक्षात ठेवा, शिवण म्हणजे सुईची शेकडो भोकं. विकतच्या चांगल्या पिशव्यांचे सांधे उष्णतेने जोडलेले असतात, शिवलेले नसतात. हुडाच्या पिशवीला आतून सांध्यावर चिकटपट्टी लावा, किंवा आत आणखी एक पातळ, गुंडाळून बंद होणारी पिशवी ठेवा. मी दुसरं करतो. फोन आणि गाडीची किल्ली त्या आतल्या पिशवीत, आणि किल्ली दोरीने पिशवीलाच बांधलेली.

परत आल्यावर विहिरीच्या पाण्याची बादली भरायची, पिशवी त्यात बुडवायची आणि बुडालेली असतानाच प्रत्येक चेन दहा वेळा मागेपुढे करायची. नुसतं वरून पाणी ओतून रनरच्या पोटातलं मीठ निघत नाही. मग मागीलदारी सावलीत, तोंड उघडं ठेवून उलटी टांगायची. उन्हात नको, नायलॉन आणि आतला लेप दोन्ही उन्हाने जातात. वाळल्यावर दातांवर मेणबत्ती घासायची. माझी एक चेन अशी सात वर्षं चालली आहे.

माणसाच्या सामानाकडे येऊ. किती घ्यायचं ते पाणी ठरवतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हे किनाऱ्यावर घरोघरी ठाऊक असतं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सुकतीच्या मध्यावर उतरायचं आणि भरतीच्या मध्यावर निघायचं, म्हणजे सहा तास. सहा तासांना दोन लिटर पाणी लागतं. दोन लिटर म्हणजे दोन किलो, पिशवीतलं सगळ्यात जड ओझं, म्हणून ते तळाशी आणि पाठीला चिकटून. सोबत कोकमाच्या आगळाची एक लहान बाटली. आगळात मीठ असतंच, पाण्यात दोन झाकणं टाकली की घामाने गेलेलं थोडं तरी भरून निघतं. जेवण केळीच्या पानात, घावणे आणि सुकी चटणी. ओल्या खोबऱ्याची नको, दुपारपर्यंत आंबते. डबा नसल्यामुळे खाल्लं की पिशवी हलकी होते.

एक वस्तू मी कधी सोडत नाही. अर्ध्या लिटरचा थर्मास, गरम पाण्याने भरलेला. चहासाठी नाही. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर जी कळ येते ती शब्दांत सांगता येणार नाही. त्यावर पहिला उपाय म्हणजे सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या आत, तो भाग अर्धा तास ते दीड तास बुडवून ठेवणं. विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने त्याचा जोर मोडतो. पाणी आधी धड असलेल्या हाताने तपासायचं, कारण कळ येत असलेल्या हाताला चटका कळत नाही. बोटाला थर्मासच्या झाकणातलं पाणी पुरतं. पायाला पुरत नाही, तेव्हा कापड भिजवून गुंडाळायचं आणि जवळच्या घरात बादली मागायची. पुढे डॉक्टर गाठायचाच, काटा आत मोडलेला असू शकतो. आणि पाकट टाळायचा साधा मार्ग म्हणजे पाय उचलून न टाकता वाळूतून घासत चालणं.

मासा ठेवण्याबद्दलही विचारणा होते. विलायतेत वेताची टोपली असते, तिच्यात ओलं गवत घालून मासा गार ठेवतात. तिथली हवा मुळातच थंड, त्यात ओल उडते आणि टोपली गार होते. आपल्या गरम, दमट हवेत ओल फारशी उडत नाही. पागवाल्यांचा मासा तासाभरात घरी जातो, म्हणून त्यांचं भागतं. आपण सहा तास थांबतो. मासा पिशवीत घालूच नका. खायचा असेल तर शेवटच्या तासातला एक घ्या, गाडीत बर्फाचा डबा ठेवा, बाकीचे पाण्यातच सोडा. आणि मालवणात किल्ल्याच्या बाजूला रॉड काढूच नका. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, एकूण २९.१२ चौरस किलोमीटर, आणि सिंधुदुर्ग व पद्मगड त्याच्या ३.१८ चौरस किलोमीटरच्या गाभ्यात येतात.

पिशवीच्या बाहेरच्या खिशात एक रिकामी लहान बाटली असू द्या, झाकणाला भोक पाडलेली. कापलेल्या टिपेटचा प्रत्येक तुकडा त्या भोकातून आत गेला पाहिजे. वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. हा धागा त्यांच्या पायांत वर्षानुवर्षं तसाच राहतो.

कुडाळच्या वाचकांनी तीस लिटरची बॅग टाकून देऊ नये. ती गाडीत ठेवा. तिच्यात कोरडे कपडे, टॉवेल, दुसरी चप्पल आणि पिण्याचं जास्तीचं पाणी. चौदा कप्प्यांचा तिथे चांगला उपयोग होतो आणि मीठ तिथवर पोचत नाही.

पुढच्या आठवड्यात गाठी, नक्की. जवळ दोन हात लांबीच्या दोन दोऱ्या ठेवा, वेगवेगळ्या रंगांच्या, नाडीएवढ्या जाड. टिपेटवर पहिल्यांदा शिकायला बसू नका, डोळे दुखतात आणि गाठ दिसत नाही.