पांढरी पाचच्या जरा वर

विजेचा स्वर पांढरी पाचच्या जवळ लागतो, किंचित चढा. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते आणि अतिखर्जातली पांढरी पाच 49 ला येते. वरच्या सप्तकात पांढरी पाच 98 ला, विजेची दुप्पट 100 ला. घरी बांधलेल्या माइक प्रीअँपमधून घरघर येते असं कुणी सांगितलं, की मी आधी हेडफोन लावून हा स्वर शोधतो. स्क्रू ड्रायव्हर नंतर. हेडफोनच हवा, कारण लॅपटॉपच्या स्पीकरमधून 50 चा आवाज येतच नाही म्हटलं तरी चालेल. आणि इंग्रजी पुस्तकांत 60 आणि 120 चे आकडे दिसले तर ते अमेरिकेतल्या विजेचे, आपले 50 आणि 100.

नुसता जाड, गुळगुळीत ‘हूंऽऽ’ असेल तर तो 50 चा. तो बहुधा ट्रान्स्फॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून शिरलेला असतो. ‘झर्रर्र’ अशी दातेरी असेल तर ती 100 ची, म्हणजे डायोडच्या पलीकडची, पॉवर सप्लायमधली. आणि ‘सूंऽऽ’ असा पाऊस असेल तर विजेचा काही संबंध नाही, ते प्रकरण वेगळं.

भाच्याच्या प्रीअँपमध्ये हे तिन्ही होतं. इंजिनिअरिंगच्या सुट्टीत पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांतून सामान आणून त्याने तो झीरो पीसीबीवर उभा केला होता: 5534 चिपा, 12-0-12 चा ट्रान्स्फॉर्मर, 7815 आणि 7915 रेग्युलेटर, ॲल्युमिनियमचा डबा. सोल्डरिंग नेटकं होतं. त्याला तानपुरा रेकॉर्ड करायचा होता, तिथेच पंचाईत. तबला असता तर निम्मे दोष झाकले गेले असते. तानपुऱ्याच्या दोन छेडींच्या मधे सगळं उघडं पडतं, आणि त्याचा तानपुरा काळी एकला. त्या सुरात ही घरघर तीव्र मध्यमाच्याही वर चढून बसते. गाणाऱ्याला ते सहन होणं शक्य नाही.

“मामा, चिपा बदलू का?” त्याचा पहिला प्रश्न. दोष दिसला की चिप बदलायची, ही सवय मला वीस रुपयांच्या रेडिओपासून लाखाच्या मिक्सरपर्यंत सगळीकडे दिसते. चिप सॉकेटमधून उपटता येते म्हणून असेल. तार उपटून दुसरीकडे लावायला डोकं चालवावं लागतं.

“चिपेला हात लावू नकोस. गेन खाली कर.”

गेनचं बटण हे या कामातलं सगळ्यात चांगलं मोजमापाचं साधन आहे आणि ते फुकट मिळतं. बटणाबरोबर जो आवाज चढतो-उतरतो तो माइकच्या बाजूने, बटणाच्या आधी शिरलेला. बटण तळाला नेलं तरी जो ढिम्म हलत नाही तो पुढे कुठेतरी शिरलेला. इथे ‘सूं’ आणि ‘हूं’ बटणाबरोबर खाली गेले, ‘झर्र’ जागच्या जागी राहिली. एका मिनिटात तीन आरोपींपैकी एक वेगळा निघाला.

डबा उघडल्यावर तो दिसलाच. ट्रान्स्फॉर्मरची मधली तार फिल्टर कपॅसिटरांच्या जोडापर्यंत गेली होती आणि आउटपुटच्या सॉकेटचा झीरो त्याच तारेच्या मध्यावर सोल्डर केला होता. दिसायला काहीच गैर नाही, मल्टिमीटरही दोन्ही टोकांत शून्य ओहम दाखवतो. पण कपॅसिटर सतत भरत नाही, सेकंदाला 100 वेळा क्षणभर घोट घेतो आणि त्या घोटाचा करंट या बोटभर तारेतून वाहतो. तारेला अगदी थोडा का होईना रोध असतोच, त्यामुळे तिच्यावर प्रत्येक घोटाला सूक्ष्म व्होल्टेज उभं राहतं. तिथून झीरो घेतला की ते थेट आउटपुटमध्ये. सांधा तिथून सोडवून कपॅसिटरांच्या पलीकडे, रेग्युलेटरच्या झीरोवर नेला आणि झर्र गेली.

संध्याकाळी परत आली. सकाळी नाही, दुपारी नाही, दिवेलागणीला. दुपारी लाइन 228 व्होल्ट होती, आता 196. इथे 12-0-12 चा हिशोब आडवा आला. 7815 ला 15 व्होल्ट देण्यासाठी आत किमान 17 च्या आसपास लागतात. बारा व्होल्टचं शिखर 17, त्यातून डायोडचे 0.7 वजा. भार कमी असल्यामुळे ट्रान्स्फॉर्मर लेबलपेक्षा थोडं जास्त देतो, म्हणून दिवसा कसंबसं निभत होतं. लाइन पडली की दोन शिखरांमधल्या दरीत रेग्युलेटरचा तोल जातो आणि ती दरी जशीच्या तशी बाहेर पडते. डीसी रेंजवर मीटर सरासरी दाखवून फसवतो. मीटर एसीवर टाकून रेग्युलेटरच्या आउटपुटला लावला तर चोरी पकडली जाते. इलाज एकच, 15-0-15.

नवा ट्रान्स्फॉर्मर अंगाने मोठा, म्हणून ‘हूं’ वाढला. माइकच्या जागी 150 ओहमचा रेझिस्टर सोल्डर केलेला प्लग लावला तरी तो कायम, म्हणजे केबलचा दोष नाही. विजेचा प्लग काढून ट्रान्स्फॉर्मरचे स्क्रू सोडवले, 230 च्या टोकांवर स्लीव्ह चढवली, मग चालू करून लाकडी पट्टीने त्याला हळूहळू फिरवलं. एका कोनात आवाज जवळपास बुडाला, पुढे सरकवल्यावर पुन्हा वर आला. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा होता. ॲल्युमिनियमचा डबा 50 च्या चुंबकीय क्षेत्राला जुमानत नाही. तिथे लोखंड लागतं किंवा अंतर. अंतर स्वस्त. ट्रान्स्फॉर्मर वेगळ्या डब्यात, हातभर तारेवर गेला.

उरलेला थोडा हूं डब्याला हात लावला की बदलायचा. ही शील्डची खूण. माइकच्या सॉकेटची पिन 1 त्याने पीसीबीच्या झीरोला नेली होती. केबलच्या शील्डने बाहेरचा गोळा केलेला कचरा थेट सर्किटच्या पोटात. पिन 1 सॉकेटपाशीच डब्याला टेकवायची. नील मन्सी या ध्वनितंत्रज्ञाने 1995 मध्ये हा दोष सविस्तर मांडला. तरी विकतच्या महागड्या यंत्रांतही तो अजून सापडतो.

एक उपाय मात्र मी कुणाला करू देत नाही: थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकणं. घरघर जाते, हे खरं. पण उद्या ट्रान्स्फॉर्मरचं इन्सुलेशन गेलं तर तो डबा आणि त्याला जोडलेला माइक 230 वर, आणि माइक गाणाऱ्याच्या ओठांपाशी. कार्यक्रमाच्या मंडपांत हे सर्रास चालतं आणि करणारा ते अभिमानाने सांगतो.

आता ‘सूं’. हा पूर्ण जात नाही, कारण त्यातला काही भाग निसर्गाचा आहे. कुठल्याही रोधातले इलेक्ट्रॉन उष्णतेने थरथरत असतात. बेल लॅबमध्ये जॉन्सनने ते मोजलं, नायक्विस्टने गणित मांडलं, दोघांचे लेख 1928 चे. डायनॅमिक माइकचे 200 ओहम धरले तर दर रूट हर्ट्झला 1.8 नॅनोव्होल्ट. याखाली कुणालाच जाता येत नाही. 5534 स्वतःचे 4 च्या आसपास घालते, ते ठीक. पण भाच्याने प्रवेशाला चार रेझिस्टरांचं बॅलन्स्ड सर्किट लावलं होतं, सगळे 10 किलोओहम. असा एकेक रेझिस्टर 13 नॅनोव्होल्ट देतो, माइकच्या सातपट. चांगली चिप आणून तिच्या दारातच गोंगाट उभा केला होता. लाइन लेव्हलला हे सर्किट उत्तम, तिथे सिग्नल व्होल्टात असतो. हातभर अंतरावरच्या बोलण्याने डायनॅमिक माइक जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिव्होल्ट देतो, आणि तानपुरा त्याहून मवाळ.

तेव्हा चिप शेवटी बदललीच. आयएनए217 आली, तिचा स्वतःचा गोंगाट 1.3 नॅनोव्होल्ट आणि प्रवेशाला मोठे रेझिस्टर लागत नाहीत. गेन एका रेझिस्टरने ठरतो: 10 किलोओहमला त्याने भागायचं आणि एक मिळवायचा. हजारपट हवं तर 10 ओहम. आता साधा 10 किलोओहमचा पॉट लावला तर सगळा कामाचा गेन बटणाच्या शेवटच्या केसभर फिरण्यात कोंबला जातो. भाच्याने रोटरी स्विच घेतला आहे, बारा पायऱ्यांचा, आणि प्रत्येक पायरीला कुठला रेझिस्टर याचा तक्ता तो वहीत मांडतो आहे. त्यांतल्या तीन मूल्यांचे रेझिस्टर बाजारात मिळत नाहीत, तिथे दोन समांतर जोडावे लागतील.